लिंबाजीचं नळकांडं

लिंबाजी कांबळेच्या सायकलच्या दांडीला बांबूचं एक हातभर नळकांडं बांधलेलं असायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हवा भरायचा पंप असेल. तसं मी विचारलंही. त्यानं नळकांडं सोडलं, एका तोंडाचा चिंधीचा बोळा काढला आणि आतली कागदाची गुंडाळी मला लांबूनच दाखवली.

"पंप न्हाई साहेब. शकूचं पुस्तक हाय. चित्राच्या गोष्टीचं."

"मग पिशवीत टाक की. खात्यानं पिशवी कशाला दिलीय?"

"पिशवीत चेंगरतंय. घडी पडती. आन घडी पडली की नेमकी बोललेल्यावर पडती बघा."

मला काही कळलं नाही. येडं दिसतंय, असं मनात म्हणालो आणि शिक्के मारायला लागलो.

मी मूळचा नांदेडचा. बदली होऊन त्या आडगावच्या पोस्टात क्लार्क म्हणून येऊन पडलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. अहमदपूर आणि शिरूर अनंतपाळच्या मध्ये कुठंतरी, एवढं पुरे. लातूर तेव्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता. फटाके लातुरात वाजले आणि डोकेदुखी आमच्या वाट्याला आली. पत्त्यावर निम्मं जग अजून 'जि. उस्मानाबाद' लिहायचं. मग टपाल आधी तिकडं जायचं, तिथं पडून राहायचं आणि कधीतरी फिरत फिरत आमच्याकडं यायचं. त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या, पोस्टातला माठ दुपारीच कोरडा. नांदेडला परत जायचा अर्ज मी केला होता, त्याच्या उत्तराची वाट बघायची आणि बाकी वेळ सगळ्यांवर चिडायचं, हा माझा तिथला कार्यक्रम होता.

लिंबाजी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तरी सगळं पोस्ट त्याला अरे-तुरे करायचं, मग मीही करायचो. आता लिहिताना 'ते' लिहावंसं वाटतं, पण इतक्या उशिरा मान द्यायचा म्हणजे तीही एक लबाडीच. तेव्हा राहू दे. चौथी शिकलेला, काटकुळा, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. खात्याचा पक्का नोकर नव्हता तो. वाड्या-वस्त्यांवर टपाल वाटायला कच्च्या नोकरीवर घेतलेला माणूस. वरून कुणी उद्या 'घरी बस' म्हणालं तर घरी बसायचं, एवढाच त्याचा हक्क. बौद्धवाड्यातून सरकारी कामावर जाणारा तो पहिला, याचा मात्र त्याला भारी अभिमान होता. खाकी सदरा फाटला तरी इस्त्रीचा असायचा.

वाड्यांवरच्या बायका त्याच्याकडून पत्रं वाचून घ्यायच्या. कुणाची पोरगी सासरी रडतेय, कुणाचा नवरा पुण्याला दुसरीसोबत राहतोय, सगळं याला ठाऊक. पण मजाल आहे एक शब्द बाहेर पडेल! एकदा मी सहज खोदून विचारलं, तर म्हणाला, "साहेब, दुसऱ्याचं बंद पाकीट उघडायचं न्हाई, आन उघडं दिसलं तर आपुन मान फिरवायची. मी इतकंच शिकलो बघा पोस्टात."

बाकी आम्ही पोस्टातले लोक ते शिकलो नव्हतो. निदान बुकपोस्टाच्या बाबतीत तरी नाही. मासिकं यायची ती गुंडाळी करून, मध्ये पत्त्याची कागदी पट्टी, दोन्ही तोंडं उघडी. पट्टी अलगद सरकवली की मासिक मोकळं. मग आधी पोस्टमास्तर वाचणार, मग त्यांच्या घरचे, मग समोरचा हॉटेलवाला. मालकाच्या हाती पडेस्तोवर त्यावर चहाच्या कपाचे गोल उठलेले असायचे. याला चोरी कुणीच म्हणत नसे. 'वाचून देतो' म्हणायचं आणि न्यायचं, अशी रीतच होती. मालकही तक्रार करत नसत, कारण दुसऱ्याचं मासिक तेही असंच वाचत. चिडायचा तो एकटा लिंबाजी. "बुकपोस्ट म्हंजी काय गावजेवण हाय का?" म्हणायचा. आम्ही हसायचो.

शकूला मी पहिल्यांदा पाहिलं ते बचतीच्या पासबुकांच्या तपासणीला लिंबाजीबरोबर तिच्या वाडीवर गेलो तेव्हा. तिचे वडील भगवानराव कोरडवाहू शेतकरी, पण घर खाऊन-पिऊन बरं. लिंबाजी अंगणाच्या कडेला थांबला. ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणाली, "ठेव तिथं दगडावर." तो नळकांडं सोडतोय तोवर आतून दहा-अकरा वर्षांची पोरगी धावत आली आणि तिनं ती गुंडाळी थेट त्याच्या हातातून घेतली. म्हातारी पुटपुटली. पोरीला ते ऐकूच गेलं नाही, कारण तिला काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर दोनदा आपटली. शिक्का मारल्यासारखी. लिंबाजीनंही तसंच केलं.

"ते माझं नाव हाय," परतताना तो म्हणाला. "ती मला तसं म्हंती."

सातव्या वर्षी तापात पोरीचे कान गेले होते. तोवर पहिली झालेली, अक्षरं आलेली. शाळेनं नंतर हात वर केले. नांदेडच्या मामानं लाडानं ते चित्रकथांचं मासिक लावून दिलं. दर महिन्याला यायचं.

"साहेब, सगळं गाव त्वांड हालवतंय आन तिला काय बी कळंना. घरात कोण हसलं तर तिला वाटतंय आपल्यालाच हसले," लिंबाजी सायकल हाताशी धरून चालता चालता सांगत होता. "पण ह्या पुस्तकात बोललेलं दिसतंय. माणसाच्या त्वांडातून निघतंय आन फुग्यात लिव्हल्यालं असतंय. सारी दुनिया महिन्यातून एकडाव बोलती तिच्याशी. मग घडी पडून कसं जमंल?"

त्या दिवशी मला नळकांडं कळलं. कळून मी काय केलं, ते पुढं येतंच आहे.

मासिकात तेव्हा एक क्रमशः गोष्ट चालली होती. एका खलाशाची होडी समुद्रात हरवते आणि त्याची मुलगी लहान होडी घेऊन त्याला शोधायला निघते. जिथं तांब्याभर पाण्याला माणसं भांडत होती तिथं ही पोरगी दर महिन्याला समुद्र वाचत होती. वाडीहून आल्यावर लिंबाजी आम्हाला खबर द्यायचा. "आता वादळात घावली बघा. शकूला जेवन जाईना."

पण अंक वेळेवर यायचेच नाहीत. पत्त्यावर 'जि. उस्मानाबाद', मग व्हायचं तेच. लिंबाजीनं एक दिवस माझ्याकडून कार्ड घेतलं आणि जीभ बाहेर काढून अर्धा तास खपून मासिकवाल्यांना लिहिलं: 'जिल्हा बदलला आहे. पुस्तक वाकडं जातं. पोरगी वाट बघते.' दोन महिन्यांनी खरोखरच पट्टीवर 'जि. लातूर' छापून आलं. त्यानं ती पट्टी हॉटेलात नेऊन सगळ्यांना दाखवली. जिल्हा झाल्याचा त्या गावातला खरा आनंद एवढाच मी पाहिला.

त्या गोष्टीचा शेवटचा भाग असलेला अंक शनिवारी आला. एसटीला उशीर झाला होता, लिंबाजी आधीच वाडीला निघून गेलेला. थैली मी उघडली. पोस्टमास्तरांनी गुंडाळी पाहिली आणि म्हणाले, "आलं वाटतं मुकीचं पुस्तक." मी ती काखेत मारली. उद्या रविवार, निवांत वाचू, सोमवारी सकाळी टपालात ठेवून देऊ. वाईट हेतू नव्हता हो माझा. पण आजवर मी जेवढी वाईट कामं पाहिली ती सगळी अशीच, काही हेतू नसताना झालेली.

रविवारी टँकर आला. बायकोला आठवा महिना, म्हणून मीच हंडे घेऊन धावलो. घरी परत आलो तर तीन वर्षांची आमची मुलगी ती गुंडाळी घागरीत बुडवून बसली होती. पट्टीसुद्धा काढलेली नव्हती मी. आम्ही पानं सुटी करायला गेलो तर रंग एकमेकांत उतरलेले आणि कागदाचा लगदा. तरी अंगणातल्या तारेवर वाळत घातलं. पट्टीही घातली, पिन लावून.

सोमवारी सकाळी लिंबाजी आला. टँकरचं पाणी कुणालाच पुरायचं नाही, आणि बौद्धवाड्यातला हातपंप तेवढा चालू होता. जे लोक त्या वस्तीत कधी पाऊल टाकत नव्हते ते पहाटेपासून तिथं रांगेत उभे असायचे. माझ्या बायकोला उभं राहवत नाही हे ऐकून, मी न सांगता, लिंबाजी रोज दोन डबे पाणी सायकलवरून आणून द्यायचा. मी दाढी करत होतो. आरशात मला तारही दिसत होती आणि तोही. तो तारेसमोर थांबला. पट्टीवरचं 'जि. लातूर' वाचण्याइतका वेळ थांबला. मग डबे खाली ठेवून आत वळून म्हणाला, "वैनी, पाणी झाकून ठिवा." आणि गेला. मी ते सगळं चुलीत घातलं.

पोस्टात आल्यावर त्यानं मला विचारलं, "साहेब, शकूचं आलं न्हाई का?"

आज कळतं, ती त्यानं मला दिलेली संधी होती. मी रजिस्टरमधून डोकंही वर काढलं नाही. "गेलं असेल उस्मानाबादला," म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "गेलं आसंल."

पंधरा दिवसांनी भगवानराव खिडकीवर आले. पोरगी जेवत नाही, रोज वेशीवर जाऊन उभी राहते. मी तेच सांगितलं. ते कडाडले, "पत्ता तर बदललाय की! मग कसं जाईल उस्मानाबादला?" मी रजिस्टर चाळायला लागलो. संशय कुणावर घ्यायचा हे गावात आधीच ठरलेलं असतं, शोधावं लागत नाही. त्यांनी वर अर्ज केला: पोस्टमननं पुस्तक विकून खाल्लं.

चौकशीला साहेब आले. पोस्टमास्तरांनी सांगितलं, अंक आलेला मी पाहिला. साहेबांनी मला विचारलं, "मग पुढं काय झालं त्याचं?" लिंबाजी दाराशी उभा होता. माझा बदलीचा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर होता. मी म्हणालो, "आलं असेल तर वाटपालाच गेलं असेल, साहेब."

क्लार्कचं वाक्य! त्यात खोटं काहीच सापडणार नाही आणि माणूस मात्र बुडतो.

साहेब लिंबाजीकडं वळले. तो म्हणाला, "माझ्या हाती आलं न्हाई."

"मग कुणाच्या हाती गेलं? माहीत असेल तर सांग."

"मी पोस्टमन हाय साहेब. दुसऱ्याचं बंद पाकीट मी उघडत न्हाई."

साहेबांना तो उद्धटपणा वाटला. चौकशी पुरी होईस्तोवर लिंबाजीला घरी बसवलं. कच्च्या नोकरीवाल्याला या काळात पगार नसतो. तो रोजगार हमीच्या तलावावर खडी फोडायला जायला लागला. मी रोज ठरवायचो, आज सांगू. मग बायकोचं बाळंतपण आलं, मग बारसं आलं, मग साहेब दौऱ्यावर होते. न सांगायला कारणं लागतात आणि ती रोज नवी मिळतात.

त्या काळात तो एकदाच पोस्टात आला. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला वाटलं, आता बोलणार. पण त्याला हवे होते ते कोपऱ्यात पडलेले, जुन्या जिल्ह्याचा शिक्का असल्यामुळं रद्द झालेले फॉर्म. "पाठीमागून कोरे हायेत. देता का?" मी सगळा गठ्ठा दिला. वर पेन्सिलही दिली. कशाला, ते विचारलं नाही. नंतर त्याच्या जागी आलेला बदली पोस्टमन सांगायचा, लिंबाजी अहमदपूरला जाऊन आला, लातुरातल्या रद्दीच्या दुकानांत शोधून आला, तो अंक कुठंच मिळाला नाही.

आठ महिन्यांनी पुराव्याअभावी त्याला परत घेतलं. तसाच इस्त्रीचा सदरा घालून आला, तसाच 'साहेब' म्हणाला. माझ्या घरी पाणी त्यानं त्या आठ महिन्यांतही बंद केलं नव्हतं. बदललं ते एकच. महिन्याला अंक यायचा त्या दिवशी तो एसटीच्या आधी येऊन बसायचा, आणि मी थैली उघडली की सगळ्यांदेखत गुंडाळी उचलून नळकांड्यात घालायचा, बोळा ठोकायचा. माझ्या हातात ती दोन मिनिटंसुद्धा राहू द्यायचा नाही. तो काही बोलला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. फार लागायचं ते मला.

वर्षभरानं माझी नांदेडची बदली झाली. एसटीच्या टपावर सामान चढवायला लिंबाजी आला होता. गाडी सुटताना खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, ते पाकीट तुमच्यापाशीच हाय. मला नगं. ज्याचं हाय त्याला पोचवा कवा तरी."

मी मान हलवली. आणि मग तीस-बत्तीस वर्षं ते पाकीट मी बाळगलं. नांदेड ते वाडी अंतर एसटीनं अर्ध्या दिवसाचं. टपाल खात्यात एवढा उशीर कुणी केला नसेल.

यंदा उन्हाळ्यात एक पोस्टकार्ड आलं. लिंबाजीची मुलगी सुजाता लातूरला शिक्षिका आहे, तिचं. बाबा गेले, वहीत तुमचा पत्ता होता, रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. गुडघे धरून मी गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. कोपऱ्यात एक पिकल्या केसांची बाई बसली होती, मांडीवर वही-पेन. तिच्या शेजारी भिंतीला ते नळकांडं टेकवलेलं. सुजाता म्हणाली, "शकूताई. अहमदपूरला शिवणकाम करतात. बाबांच्या आजारपणात महिनाभर इथंच होत्या."

शकूनं मला ओळखलं नाही. मी लिहून दिलं: 'त्या वेळी पोस्टात होतो.' तिनं आनंदानं नळकांड्यातून एक गुंडाळी काढली. दोऱ्यानं शिवलेले जुने फॉर्म. एका बाजूला उस्मानाबादचा शिक्का, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीची चित्रं. कुणाचे हात लांब, कुणाचे डोळे गालावर. पण प्रत्येकाच्या तोंडातून फुगा निघालेला आणि त्यात ते ठसठशीत अक्षर. भर समुद्रात होडी घेऊन एक पोस्टमन येतो, डोक्याला टॉवेल, हातात नळकांडं. तो खलाशाच्या पोरीला म्हणतो, 'तुझ्या बापाचं पत्र आहे. जिल्हा बदलला म्हणून उशीर झाला.' शेवटच्या पानावर बापलेक एका होडीत. खडी फोडून आल्यावर, चिंध्या बांधलेल्या बोटांनी काढलेलं हे.

मला पुढचं दिसेना. मी तिची वही घेतली आणि लिहिलं: 'खरं पुस्तक मी नेलं होतं. माझ्या घरी भिजलं. मी जाळलं. आळ लिंबाजींवर आला, मी गप्प बसलो.' अक्षर वाईट आलं.

तिनं वाचलं. परत वाचलं. तोंडावर काही दिसेना. मी शिवी यायची वाट बघत होतो. तिनं पेन घेतलं आणि एकच ओळ लिहिली: 'मग खरा शेवट काय होता? बाप सापडला?'

तीस-बत्तीस वर्षं तिनं हा प्रश्न ठेवला होता, आणि उत्तर सांगू शकेल असा मी एकटाच माणूस तिच्यासमोर आला होता. मी लिहिलं: 'माहीत नाही. उघडलंच नव्हतं.'

तिनं ते वाचलं. मग तिनं वही मिटली. मूठ डाव्या तळव्यावर दोनदा आपटली, शिक्का मारल्यासारखी, आणि त्या शिवलेल्या फॉर्मांच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. एका होडीतल्या बापलेकीवर. माझ्याकडं असं बघितलं, जणू मीही ते मान्य करावं.

"हाव," मी म्हणालो. "हाच शेवट." चांगलं मोठ्यानं म्हणालो. तिला ऐकू येत नाही हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.